खंडेनवमीला मांडलेलं इंजिन

गौरा रॉकेलच्या घमेल्यात हात घालून पिस्टन धूत बसली होती, तेवढ्यात पावसाची तिरकी सर आली आणि सरीबरोबर एक माणूस ताडपत्रीखाली शिरला.

ना विचारणं, ना सांगणं. डोक्यावर रुमाल, हातात चपला, आणि पांढऱ्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटलेली. तिच्याकडे पाठ करून तो रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "काय पाऊस म्हणायचा का काय ह्यो! नवरात्र तोंडावर आलं तरी जाईना."

गौराच्या अंगात वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, जुना खाकी शर्ट, त्याखाली आईचं, अव्वाचं, विटकं इरकल लुगडं, गालावर काळ्या तेलाचा फराटा... अशा अवतारात परक्या पुरुषाशी कोण बोलेल? तिने नुसता हातातला पिस्टन घमेल्यात जरा जोरात ठेवला.

तो दचकून वळला. आधी त्याने घमेलं पाहिलं, मग हात पाहिले, मग चेहरा पाहिला; आणि चेहऱ्यापाशी जरा जास्तच थांबला.

"सिद्धप्पा ड्रायवरचं घर... हितंच कुटं हाय न्हवं?"

"काय काम हाय?"

"त्यांची लॉरी बघायची हाय. इकणार म्हणं." पावसाला घाई नव्हती, त्यामुळे त्यालाही नव्हती. "इंजिन पार झिजलंय म्हणत्यात. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडं पाण्याची पिंपं वाहून वाहून दम निघालाय तिचा. म्हातारी झालीय गाडी. भंगारात जाण्यापरीस मी घेतो म्हटलं. स्वस्तातबी पडंल."

म्हातारी! गौराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"तुमी ज्या ताडपत्रीखाली उभं हाय न्हवं, ती सिद्धप्पाची. तुमच्या मागं उभी हाय ती म्हातारी," ती उठून उभी राहिली, "आन् मी तिची मिस्त्री."

त्याने मागे पाहिलं. लांब नाकाची लॉरी बॉनेट उघडं टाकून उभी होती. कपाळावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', आणि पोटात जिथे इंजिन असायचं तिथे मोकळी जागा. त्याने तोंडावरचं पाणी पुसायला हात वर केला, आणि गौराला त्याच्या करंगळीचं नख दिसलं. चांगलं बोटाच्या पेराएवढं लांब.

"ते नख कशाला पाळलंय? कान कोराय?"

त्याने हात झटकन पाठीमागे नेला. "सगळंच ड्रायवर ठेवत्यात की... कामाला येतं."

"कुठल्या?"

तो ओशाळून हसला, आणि ते हसणं नेमकं गोड निघालं, ही त्या दिवसातली गौराची सगळ्यात मोठी पंचाईत झाली.

त्याचं नाव शिवयोगी. राहणार अक्कलकोट, ड्रायवर दुसऱ्याच्या लॉरीवर. क्लीनर होता तेव्हापासून एकच ध्यास, एक लॉरी स्वतःची असावी. तेवढ्यासाठी त्याने चहासुद्धा सोडला होता. गौराच्या अप्पांनी, सिद्धप्पांनी, ते सगळं ऐकून घेतलं. ओसरीवर बसून, डाव्या हाताने उजवं मनगट दाबत.

हे मनगटच सगळ्याच्या मुळाशी होतं. श्रावणात कापसाच्या गठ्ठ्यांवरून सिद्धप्पा खाली आले आणि हाड मोडलं. जोडलं, पण वाकडं जोडलं. स्टिअरिंगवर पकड काही येईना. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की लॉरी विकायची, सोलापूरचं घर बंद करायचं आणि अक्कलकोटच्याही पलीकडे भावाच्या मळ्यावर जाऊन राहायचं. मुलगा नाही, हात नाही, मग गाडी ठेवायची कुणासाठी?

"माझ्यासाठी," गौरा म्हणाली होती.

दुष्काळाच्या साली ती मॅट्रिक होऊन घरी बसली होती. अप्पांबरोबर ती पाण्याच्या खेपांना जायची. सांगोल्याच्या रस्त्याला बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असायच्या, आणि लांबून लॉरीचा आवाज ओळखून हात वर करायच्या. त्याच रस्त्यावर, मोकळ्या खेपेला, अप्पांनी तिला स्टिअरिंग धरायला दिलं. त्याच धुळीने इंजिन खाल्लं. ती गाडी म्हातारी म्हणून कुणाला तरी देऊन टाकायची, हे गौराच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"इंजिन मी बांधते," ती म्हणाली. "तुमी नुसतं बसून सांगा. आन् चालवायचं म्हणाल तर लायसनबी काढते."

सिद्धप्पा आधी हसले, मग हसायचे थांबले. आजवर दोनदा त्यांनी हे इंजिन याच अंगणात, याच चिंचेखाली उतरवून बांधलं होतं, आणि दोन्ही वेळा नट आवळायचे पाने हातात द्यायला गौराच होती. त्यांनी शब्द दिला. आता शिवयोगीलाही त्यांनी तोच ऐकवला.

"दसऱ्याच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत इंजिन बोललं तर गाडी घरची. न्हाय बोललं तर तुझी. थांबतोस?"

शिवयोगीने गौराकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. म्हणजे, नाही असं दाखवत होती.

"थांबतो की," तो म्हणाला.

आता, ज्याने थांबायचं त्याने आपल्या गावी थांबावं. पण शिवयोगीच्या मालकाचा माल नेमका याच दिवसांत सोलापूरला फार येऊ लागला, आणि माल उतरेपर्यंत त्याचे पाय चिंचेकडे वळू लागले.

"परत आलात?" गौरा विचारायची.

"माझी व्हणारी गाडी हाय. बघाय नको?"

"बघा, बघा. डोळं भरून बघून घ्या, परत बघाय मिळायची न्हाय."

एकदा तो गिरणीतल्या वाया गेलेल्या सुताचं गाठोडं घेऊन आला, हात पुसायला. फुलं आणली असती तर गौराने ती लॉरीच्या नाकावर ठेवून दिली असती. सूत मात्र तिने मुकाट्याने घेतलं, नाकाशी नेलं, नवंकोरं होतं, आणि तिला उगीचच हसू आलं.

"हसताय कशाला?"

"हसले न्हाय. रॉकेल गेलं नाकात."

होटगी रोडच्या लेथवाल्याकडून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता आस, घासून आला, सिलिंडरमध्ये नवे लायनर बसले. चेनकप्पीने इंजिनाचा ब्लॉक उचलून लॉरीच्या पोटात परत ठेवायच्या दिवशी सिद्धप्पा ओसरीवरून ओरडून सांगत होते, गौरा साखळी ओढत होती, आणि ब्लॉक डोलायला लागला तेव्हा पलीकडून दोन हात येऊन तो सावरून गेले. तिने मान वाकवून पाहिलं. ब्लॉकच्या पलीकडे तोच.

"तुमी कशाला हात लावताय? तुमचंच नुसकान."

"पडला असता तर माझाच फुटला असता की."

"तुमचा कसा?"

"दसऱ्यानंतर माझाच न्हवं," तो म्हणाला; पण पूर्वीसारखा ठासून नाही.

मग वॉल्व घासायचं काम आलं. वॉल्वच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, तो त्याच्या बैठकीत ठेवायचा, आणि काडी दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवत राहायची, वॉल्व आणि बैठक एकमेकांत अशी बसेपर्यंत की वारासुद्धा निसटू नये. कंटाळवाणं काम. एका बाजूला गौरा, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये उलटं टाकलेलं हेड, इंजिनाचं झाकण. काड्या फिरायच्या, वाळवलेल्या मिरच्यांचा वास घरातून यायचा, आणि बोलता बोलता दोघांच्या काड्या एका तालात कधी यायच्या ते कळायचंही नाही. कळलं की गौरा मुद्दाम ताल मोडायची. पेस्टने तिची नखं पार घासून गेली, बोटांची टोकं गुळगुळीत झाली.

त्या दिवशी तो गेल्यावर अव्वा, म्हणजे चंद्रव्वा, ओट्यावरून म्हणाली, "गाडी घेणारा माणूस लई कामाचा दिसतोय."

"असंल," गौरा म्हणाली. तिला तो आवडला होता. तिने ते मनातल्या मनात कबूल केलं आणि मग तिला जास्तच भीती वाटायला लागली, कारण दसऱ्याला दोघांपैकी एकच जण जिंकणार होता.

तयार झालेला एकेक भाग एका जुन्या सोलापुरी चादरीवर मांडलेला असायचा. चादरीच्या चौकटी म्हणजे त्यांची घरं. वरच्या ओळीत बारा वॉल्व, ज्याच्या त्याच्या बैठकीच्या क्रमाने. खालच्या ओळीत पिस्टनचे सहा दांडे, आणि प्रत्येक दांड्याखाली त्याची टोपी; क्रँकला खालून धरून ठेवणारी, अर्धगोल. दांडा आणि टोपी कारखान्यात एकत्र कोरलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला घातली तर वरून दिसत नाही, पण फिरताना बेअरिंग जळतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. आकडे ठोकलेले असतात, पण या इंजिनाचे दांडे प्रवासात कुठे कुठे बदललेले, त्यामुळे दोन जोड्यांवर चारचाच आकडा होता आणि दोन जोड्यांवर काहीच नव्हतं. सगळा हिशोब चादरीवर होता.

खंडेनवमीच्या सकाळी गौरा सिद्धेश्वराला जाऊन, येताना हेडचं गॅस्केट घेऊन घरी आली. दारातच तिला चादर दिसली. धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातलेली.

"अव्वा," ती म्हणाली. "चादर..."

"लई मळली होती गं. आणि आत ये, बघ की!" चंद्रव्वाचा चेहरा नुसता फुलला होता.

देवघरापुढे पाटावर पाने, हातोडे, स्क्रू ड्रायवर ओळीने मांडले होते. त्यांना विभूती, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आणि त्यांच्यापुढे अर्धवर्तुळात, चिंच-राखेने लखलखीत घासलेले, वॉल्व. मोठे बाहेर, लहान आत. दोन्ही बाजूंना तीन तीन दांडे, आणि मधोमध सहा टोप्यांची उतरंड, तिच्यावर बेलाचं पान.

इतकी सुंदर मांडणी गौराने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पण कुठली टोपी कुठल्या दांड्याची, हे आता देवालाच ठाऊक.

चंद्रव्वाला काय झालं ते कळायला सिद्धप्पांचा चेहरा बघावा लागला. मग तिने तोंडाला पदर लावला. "अय्यो... मी देवाचं म्हणून केलं की हो. तिच्या कष्टाला देवाचा हात लागावा म्हणून..."

सिद्धप्पा एवढंच म्हणाले, "उद्या दसरा. आन् आज हत्यारं पूजेत. सकाळच्या पूजेपर्यंत पान्याला हात लावायचा न्हाय." ते उठून ओसरीवर गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना गौराला अक्कलकोटच्या पलीकडचा मळा दिसला.

नेमका तेव्हाच शिवयोगी दारात आला. हातात झेंडूच्या माळा. आपल्या मालकाच्या लॉरीला घालून उरलेल्या. त्याने देवघर पाहिलं, चंद्रव्वाचे डोळे पाहिले, आणि ड्रायवर माणूस, सांगायला लागलं नाही.

"झालं की तुमच्या मनासारखं," गौरा म्हणाली. तिला असं बोलायचं नव्हतं. पण निघून गेलं.

तो माळा उंबऱ्यावर ठेवून उभा राहिला.

गौराने पाटापुढे बसून टोप्या, दांडे, वॉल्व नजरेने मोजले. मग तिने मान वर केली. "अव्वा, पाने पूजेत हायत. हात तर पूजेला मांडलं न्हाईत न्हवं?"

चंद्रव्वाने पदर काढला. "न्हाय... हात कुटं मांडत्यात?"

"मग पान्याला न्हाय शिवत मी. हातानंच लावते." तिने देवाला नमस्कार केला, बेलाचं पान उचलून कपाळाला लावलं आणि टोप्यांची उतरंड ओटीत घेतली. "वॉल्वचं काय करायचं पण? कुठला कुठं बसला ते बघाय रंग पायजे. आन् आता पूजेला दुकानं बंद झाली."

एवढं म्हणून ती थांबली. तिची नजर कुंकवाच्या करंड्यावर गेली होती.

चमचाभर करडईचं तेल, त्यात चिमटीने कुंकू. बोटाने ते बैठकीच्या कडेला पुसट लावायचं, वॉल्व ठेवायचा, जरासा फिरवायचा, उचलायचा. बैठक दुसऱ्याची असेल तर वॉल्वच्या कडेला कुंकू कुठे लागतं, कुठे तुटतं. त्याचीच असेल तर सगळीकडून बारीक, सलग लाल रेघ उठते. पहिली सलग रेघ उठली तेव्हा गौरा एवढ्या मोठ्याने ओरडली की सिद्धप्पा ओसरीवरून आत आले.

"बसा हितं," ती शिवयोगीला म्हणाली. रागावल्यासारखी. "का नुसतं बघायचंय?"

तो बसला. मग चौघं जण त्या हेडभोवती बसून कुंकू लावत राहिले. चंद्रव्वा कुंकू कालवत होती, सिद्धप्पा डाव्या हाताने वॉल्व पुसून देत होते, आणि गौरा फिरवून, उचलून, उजेडाकडे धरून बघत होती. दुपार कलली तेव्हा बाराही वॉल्व आपापल्या घरी गेले होते आणि सगळ्यांचे हात लाल झाले होते.

टोप्यांचं काम अवघड होतं. टोपी दांड्याला लावायची, नट हातानेच आवळायचे, आणि दोन्हींच्या सांध्यावरून बोट फिरवायचं. जोडीची असेल तर सांधा लागतच नाही. नसेल तर केसाएवढी पायरी लागते. चार जोड्या जमल्या. उरल्या दोन टोप्या आणि दोन दांडे, दोघांवरही चारचा आकडा.

गौराने एक लावली. सांध्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "बसली," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. "ही बसली, म्हंजे दुसरी ती. झालं अप्पा! सगळं झालं!"

चंद्रव्वाने देवाला हात जोडले. शिवयोगीने तो दांडा सहज हातात घेतला आणि सांध्यावरून करंगळीचं नख फिरवलं. थांबला. दुसऱ्या बाजूने फिरवलं. मग दांडा मांडीवर ठेवून तो नुसताच बसला.

गौरा त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी आलं आणि गेलं. काय ते तिला तेव्हा कळलं नाही.

"गौराबाई," तो म्हणाला. आजवर त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. "ही न्हाय."

"न्हाय कशी? मी बघितलं की."

"तुमच्या बोटांस्नी नखं कुटं ऱ्हायलीत? वॉल्व घासून घासून..." त्याने दांडा पुढे केला. "माझ्या नखाला लागतंय. अदलाबदल करा."

तिने टोप्या बदलल्या, नट आवळले. त्याने नख फिरवलं. एकदा, दोनदा. नख सांध्यावरून सरळ निघून गेलं.

"आता बसली," तो म्हणाला, आणि आधीच्या चार जोड्यांवरूनही त्याने नख फिरवून घेतलं.

सिद्धप्पांनी चंद्रव्वाला "जरा चहा टाक" म्हटलं, आणि चहा टाकायला दोघं कशाला लागतात कोण जाणे, तेही तिच्यामागून आत गेले. देवापुढचा दिवा तेवढा राहिला, आणि हे दोघं.

"तुमी गप बसला असता तर," गौरा हळूच म्हणाली, "उद्या इंजिन जाम झालं असतं."

"व्हय."

"गाडी तुमची झाली असती. लहानपणापासनं..."

"व्हय की. आलं व्हतं मनात." तो खोटं बोलला नाही. "पण म्हटलं... गाडी माझी झाली, तुमी गेला मळ्याला. मग मी त्या गाडीत बसून रोज काय बघायचं? बॉनेट उघडलं की मला दिसणार घमेल्यात हात घालून बसलेली बाई. आन् ती तर न्हाय."

गौराने आपल्या हातांकडे पाहिलं. कुंकू, तेल, काजळी.

"चहा सोडला हाय न्हवं तुमी?" ती शेवटी म्हणाली.

"सोडला हाय."

"आज घ्या."

त्याने घेतला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली आणि गौराने पहिला पाना उचलला. वरून पिस्टन, खालून टोप्या; ती लॉरीखाली चटईवर आडवी, तो वरून दांडा सोडतोय, "आला का?" "आला... थांबा... हळू!" मग तेलाची टाकी, मग हेड, मग पंप, नळ्या. सिद्धप्पा प्रत्येक नट दोनदा आवळायला लावत होते. आपट्याची पानं घेऊन गल्लीतली माणसं येत होती, सोनं देत होती आणि जायचं सोडून अंगणातच उभी राहत होती. ऊन उतरायला लागलं.

गौरा स्टिअरिंगवर बसली. किल्ली फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरलं, पण बोललं नाही.

पुन्हा फिरवलं. घुर्र... घुर्र... बॅटरीचा आवाज जड व्हायला लागला. गर्दीत कुणी तरी चुकचुकलं. सिद्धप्पांनी वाकडं मनगट ओसरीच्या खांबावर घट्ट दाबून धरलेलं गौराला दिसलं.

"थांबा!" शिवयोगी बॉनेटमध्ये वाकला. "डिझेलच्या नळीत हवा हाय. मी पंप मारतो, तुमी या अन् नट सैल करा."

ती उडी मारून खाली आली. तो हातपंप मारत होता, तिने नट सैल केला. डिझेलबरोबर बुडबुडे आले, फेस आला, आणि मग डिझेलची सलग धार तिच्या मनगटावर पडली. तिने नट आवळला. दोघांचे चेहरे त्या उघड्या बॉनेटखाली अगदी जवळ होते.

"बोलंल आता," तो म्हणाला.

"बोलाय पायजे," ती म्हणाली.

तिने किल्ली फिरवली. घुर्र... आणि एक सिलिंडर खोकला, मग दुसरा, मग सहाच्या सहा एकदम! पांढऱ्या धुराचा लोट चिंचेत गेला, फांद्यांवरचे कावळे उडाले, गल्ली ओरडली, आणि लॉरीचं लांब नाक थरथरायला लागलं. मग धूर विरळ झाला, आवाज गोल झाला. दुष्काळात ज्या आवाजाला बायका हात वर करायच्या, तोच.

सिद्धप्पा ओसरीवरून उतरले. त्यांनी वाकडा हात बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. "घरची," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गाडी घरची हाय!"

चंद्रव्वाने लॉरीला ओवाळलं. शिवयोगीच्या कालच्या माळा लॉरीच्या नाकावर चढल्या. आता सीमोल्लंघन. गौराने मधल्या दिवसांत शिकाऊ लायसन काढलं होतं, म्हणजे शेजारी पक्क्या लायसनचा माणूस हवा. सगळ्यांनी सिद्धप्पांकडे पाहिलं.

"मी न्हाय," ते म्हणाले. "मला हितं बसून तिचा आवाज ऐकायचा हाय. शिवयोगी, तू बस."

"आन् मी?" चंद्रव्वा म्हणाली. "घोळ मी घातला. मी येणारच." आणि ती केबिनमध्ये चढून थेट मधोमध बसली.

नवं बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस पळवायचं नसतं. भाग एकमेकांना अजून नवे असतात. गौरा होटगीच्या रस्त्याला लागली ती ताशी चाळीस किलोमीटरच्याही खाली. स्कूटरवाले पुढे निघून गेले. रस्त्याच्या कडेच्या ज्वारीवर कलतं ऊन पडलं होतं.

शीव ओलांडून लॉरी थांबली. शिवयोगीने खिशातून आपट्याची पानं काढली. आधी चंद्रव्वाला देऊन तिच्या पाया पडला. मग तिच्यापुढून हात लांब करून त्याने गौरापुढे पान धरलं. करंगळीच्या नखात अजून कालचं कुंकू होतं.

"सोनं घ्या."

तिने घेतलं. स्टिअरिंगवरच हात ठेवून, समोर बघत ती म्हणाली, "गाडी तर तुमाला मिळायची न्हाय."

"ठाव हाय."

"क्लीनरची जागा मोकळी हाय मातर."

शिवयोगीला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. "क्लीनरची? मी पक्का ड्रायवर..."

"आमच्या गाडीवर ड्रायवर मी हाय."

"...व्हय की. आन् किती दिवसांसाठी हाय जागा?"

"इंजिन परत उतरंपर्यंत."

"आन् उतरल्यावर?"

"परत बांधाय माणूस लागंलच की," गौरा म्हणाली. आता तिला त्याच्याकडे बघावंच लागलं, आणि तिने पाहिलं. "तुमीच. दुसरा कुणी मला चालायचा न्हाय."

"मग आलो," शिवयोगी म्हणाला. "आलो... कायमचाच."

इतका वेळ दोघांच्या मध्ये बसून चंद्रव्वा ज्वारीची कणसं न्याहाळत होती. तशीच न्याहाळत ती म्हणाली, "तेवढं नख लग्नाआधी काढाय सांग म्हंजे झालं."

"न्हाय अव्वा," गौराने गिअर टाकला. "ते ऱ्हाऊ दे."

लॉरी वळली. मागून आलेल्या एका गाडीने हॉर्न देऊन देऊन बाजू मागितली. गौराने हात बाहेर काढून तिला खुशाल पुढे जाऊ दिलं. सोलापूरचे दिवे समोर लागत होते. सरळ घरी जाणारा रस्ता आला, आणि तिने तो सोडून लांबचा धरला.